कच्चे अन्न, दूधही नाही, आणि तरी बळ कमवायचे : अनुभव लिहा

व्यायाम करून ताकद आणि स्नायू वाढवायचे, पण खाण्यात मांस, अंडी, दूध-तूप काहीच नाही आणि जे खायचे त्यातले बहुतेक अन्न चुलीवर न चढवलेले, असा प्रयोग आपल्यापैकी बरेच जण करत आहेत. कोणी तो प्रकृतीसाठी आरंभला, कोणी प्राण्यांविषयीच्या कळवळ्याने, तर कोणाला दूधच पचत नाही. या धाग्यात मतांपेक्षा ताटातले आणि व्यायामातले तपशील यावेत अशी विनंती आहे. काय खाता, किती खाता, कोणता व्यायाम करता, वजन किती उचलत होता आणि आता किती उचलता, रक्ततपासणीत काय दिसले, आणि कोणत्या वेळी कच्च्याचा आग्रह सोडावा लागला, हे सविस्तर लिहावे. शंभर टक्के कच्चे खाणाऱ्यांइतकेच रात्री वरण-भात जेवणारेही येथे लिहू शकतात.

कोल्हापूर, माजी पैलवान

माझे तरुणपण तालमीत गेले. तालमीतला खुराक पूर्वापार शाकाहारी आणि कच्चाच होता, असे हल्ली काही जण ठासून सांगतात. ते खरे नाही. आमच्या वेळी दूध, तूप, लोणी आणि मटण हे खुराकाचे मुख्य आधार होते, आणि भाकरी तर होतीच. मात्र त्या खुराकात दोन गोष्टी खरोखरच कच्च्या होत्या, त्या म्हणजे रात्री भिजवलेले हरभरे आणि थंडाई. पुढे मला दूध सोसेनासे झाले आणि घरच्यांच्या आग्रहाने मांसही सुटले, तेव्हा मी या दोन गोष्टी धरूनच नवा खुराक बसवला.

थंडाई मी अजूनही दगडी कुंडीत लाकडी दांड्यानेच घोटतो. बदाम रात्रभर भिजवायचे, सकाळी साल काढायची, त्यात थोडी खसखस, बडीशेप, चार काळी मिरी आणि वेलची घालून घोटायला बसायचे. बदामाचा कण बोटांना लागेनासा होऊन दांड्याला तेल सुटू लागले की मगच पाणी घालायचे. दुधाऐवजी मी ओल्या नारळाचे पहिले दूध घालतो. मिक्सरमध्ये हे काम दोन मिनिटांत होते हे खरे, पण घोटण्याने मनगट आणि खांदे यांना जो व्यायाम मिळतो तो मिक्सर देत नाही, म्हणून नव्या पोरांना मी ते काम मुद्दाम सांगतो. एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. नारळाच्या दुधात स्निग्धांश भरपूर असला तरी प्रथिने फार थोडी असतात, त्यामुळे म्हशीच्या दुधाची जागा ते चवीपुरतीच घेते. ती कसर मी भिजवलेले शेंगदाणे, हरभरे आणि तिळाने भरून काढतो.

जोर, बैठका आणि मुदगल फिरवणे चालू आहे. वय वाढले तरी मांड्यांचा घेर टिकून आहे, आणि मेहनतीनंतर पूर्वी जे जडपण येत असे ते आता येत नाही. परंतु तालमीच्या मातीच्या हौद्यात रोज लढत करणाऱ्या, सकाळ-संध्याकाळ अंगातून पाणी काढणाऱ्या विशीतल्या मल्लाला मी हा खुराक सुचवणार नाही. त्याला लागणारे अन्न कच्च्या स्वरूपात चावून संपवायचे म्हटले तर त्याचा निम्मा दिवस खाण्यातच जाईल. माझ्या हाताखालच्या मुलांना मी थंडाई आणि हरभरे कच्चे देतो, बाकी भाकरी, आमटी आणि उसळ पोटभर.

पुणे, संगणक क्षेत्रात नोकरी

मी हिशेबी माणूस आहे, म्हणून हिशेबच मांडतो. माझे वजन ६८ किलो. वजने उचलून स्नायू वाढवणाऱ्या व्यक्तीने दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे क्रीडा-आहारशास्त्रात साधारणपणे मानले जाते, म्हणजे मला दिवसाला सुमारे १०९ ग्रॅम हवीत.

आता ताट पाहा. १०० ग्रॅम कोरडे मूग भिजवून मोड आणले की सुमारे २४ ग्रॅम प्रथिने मिळतात. ८० ग्रॅम शेंगदाण्यांतून २०, ४० ग्रॅम भोपळ्याच्या बियांतून १२, ३० ग्रॅम बदामांतून ६ आणि २० ग्रॅम तिळातून साडेतीन ग्रॅम. चार केळी, खजूर, काकडी, गाजर, कोबी, पालक या सगळ्यांचे मिळून नऊएक ग्रॅम. एकूण झाले ७५ च्या आसपास, आणि एवढे खाल्ल्यावर पोटात तिळाएवढीही जागा उरत नाही. उरलेले ३४ ग्रॅम कच्च्यातून आणायचे म्हटले तर दाणे आणि सुका मेवा वाढवावा लागतो, आणि त्याबरोबर स्निग्धांश इतका वाढतो की कंबर आधी वाढते आणि दंड नंतर. म्हणून मी मटारच्या प्रथिनांची पावडर घेतो आणि रात्री वाटीभर शिजवलेले तुरीचे वरण खातो. पावडर कच्ची म्हणायची की नाही, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा.

या निमित्ताने एक गैरसमज दूर करावासा वाटतो. मोड आल्याने प्रथिने कित्येक पटींनी वाढतात असे सर्रास सांगितले जाते. प्रत्यक्षात दाणा पाणी शोषून फुगतो, त्यामुळे १०० ग्रॅम कोरड्या मुगापेक्षा १०० ग्रॅम मोडाच्या मुगात प्रथिने कितीतरी कमी भरतात. एकूण प्रथिने जवळपास तेवढीच राहतात. मोडांचा खरा फायदा वेगळा आहे. लोह आणि जस्त अडवून ठेवणारे फायटिक आम्ल कमी होते, वात धरणाऱ्या काही शर्करा घटतात आणि क जीवनसत्त्व तयार होते.

व्यायामाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यात कच्च्या आहाराचे असे वेगळे काहीच नाही. बैठक, डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणे), बेंच प्रेस (पाठीवर झोपून बार वर ढकलणे) आणि पुलअप (दांड्याला लटकून अंग वर खेचणे) हे चार प्रकार, आणि वजन हळूहळू वाढवत नेणे. खांद्यावर बार घेऊन मारायची बैठक ६० किलोवरून ९५ किलोपर्यंत आली. शिजवलेले जेवत असतो तर ती याहून वेगाने वाढली असती का, हे सांगण्याचा कोणताही मार्ग माझ्याजवळ नाही.

नाशिक, शिक्षिका

वरील हिशेबात एक बाजू राहिली आहे, ती स्त्रियांची. मी केटलबेल (मूठ असलेला लोखंडी गोळा) आणि स्वतःच्या वजनाचे व्यायाम करते. आहार जवळजवळ पूर्ण कच्चा केला तेव्हा वजन झपाट्याने उतरले, पोट सपाट झाले, ओळखीच्या बायका कौतुक करू लागल्या. मात्र त्याच काळात पाळी लांबू लागली आणि पुढे थांबलीच. सासूबाईंच्या ते आधी लक्षात आले. “ताटात रंग खूप दिसतात ग, पण पोटाला आधार काय?” असे त्यांनी विचारले, आणि त्यांनीच मला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेले.

डॉक्टरांनी समजावले ते असे. शरीराला मिळणारी ऊर्जा आणि व्यायामात खर्च होणारी ऊर्जा यांत मोठी तूट पडली की मेंदू सर्वांत आधी प्रजननाचे काम बंद करतो. त्याबरोबर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात, म्हणजे ज्या बळासाठी खटाटोप करायचा त्याचा पायाच पोखरला जातो. जर्मनीतल्या गीसेन येथील संशोधकांनी दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्यांची पाहणी १९९९ साली प्रसिद्ध केली होती. तीत ४५ वर्षांखालच्या स्त्रियांपैकी सुमारे ३० टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा पूर्ण थांबली होती, हे मला नंतर कळले. पालेभाज्या आणि फळे पोट लगेच भरतात, भूक लागल्याचे जाणवतच नाही, आणि म्हणून ही तूट आपल्याला कळत नाही.

आता सकाळ आणि दुपार कच्चे, रात्री मुगाची खिचडी किंवा भाकरी-पिठले असा क्रम आहे. सकाळच्या मोडांवर अर्धे लिंबू पिळते आणि चहा जेवणानंतर तासाभराने घेते, कारण लिंबातल्या क जीवनसत्त्वाने कडधान्यातले लोह अंगी लागते आणि चहाने ते अडते. पाळी पूर्ववत झाली. आणि गंमत अशी की पुशअप वाढल्या त्या वजन उतरत होते तेव्हा नव्हे, तर दोन-तीन किलो परत चढल्यावर.

ठाणे, आहारतज्ज्ञ

अनुभवांच्या धाग्यात व्यवसायाने शिरते आहे, पण काही गोष्टी लिहिल्यावाचून राहवत नाही. वनस्पतिजन्य अन्नात बी-१२ जीवनसत्त्वाचा खात्रीचा स्रोत नाही. स्पिरुलिना या शेवाळासारख्या पदार्थात ते असते असे सांगून विकले जाते, परंतु त्यातले बहुतांश रूप माणसाच्या शरीराला निरुपयोगी असते. दूधही बंद करणाऱ्या प्रत्येकाने बी-१२ ची गोळी घेतलीच पाहिजे. कमतरता झाली तर हातापायांना मुंग्या येण्यापासून चेतासंस्थेच्या कायमच्या इजेपर्यंत मजल जाते, आणि यकृतातला साठा बराच काळ पुरत असल्याने सुरुवातीला सारे आलबेल वाटते.

दुसरी गोष्ट राजम्याची. एका व्यायामशाळेत “सगळीच कडधान्ये मोड आणून कच्ची खा” असे सांगितले जात असल्याचे माझ्या कानावर आले. राजमा कच्चा कधीही खाऊ नये. त्यातल्या लेक्टिन या विषारी प्रथिनामुळे मूठभर काय, चार-पाच दाण्यांनीही जोरदार उलट्या-जुलाब होऊ शकतात, आणि मोड आणल्याने ते पुरेसे नाहीसे होत नाही. तो खळखळ उकळून पूर्ण शिजवावाच लागतो. सोयाबीनही कच्चे नको, कारण त्यातले घटक प्रथिनांच्या पचनातच अडथळा आणतात. मूग आणि मटकी तुलनेने सौम्य आहेत. खवट किंवा बुरशीचा वास येणारे शेंगदाणे मात्र निवडत न बसता सरळ टाकून द्यावेत.

मोडांना जो ऊबदार ओलावा लागतो तोच जंतूंनाही मानवतो. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय जंतूची साथ पसरली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले, यांनी मोड वाफवूनच खावेत.

क्रिएटिन, म्हणजे स्नायूंना झटपट ऊर्जा पुरवण्यास मदत करणारे द्रव्य, याविषयी कोणी विचारण्यापूर्वीच सांगते. ते अन्नात मुख्यतः मांस-मासळीतून मिळते, त्यामुळे शाकाहारी व्यक्तीच्या स्नायूंत त्याचा साठा कमी असतो. बाजारातले क्रिएटिन मोनोहायड्रेट कारखान्यात तयार होते, प्राण्यांपासून नव्हे. रोज ३ ते ५ ग्रॅम पुरते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

फोंडा, गोवा, मल्लखांब शिकवतो

आमच्या खेळात अंगावर मांस चढवण्यापेक्षा स्वतःचे वजन सहज पेलणे महत्त्वाचे, म्हणून हा आहार आम्हांला पैलवानांपेक्षा अधिक मानवतो. केळी आणि ओले खोबरे घरचेच. सरावाआधी दोन केळी, नंतर भिजवलेल्या शेंगदाण्यांत खवलेले खोबरे आणि गूळ. एरंडेल लावलेल्या लाकडावर पोट जड असताना चढून पाहावे, म्हणजे केव्हा खावे हे कोणी शिकवायला लागत नाही. कच्च्या कोबीची आणि मोडांची मोठी वाटी सरावाआधी घेऊ नये एवढेच सांगतो. उलटे लटकल्यावर पोटातला वायू लपत नाही.

श्टुटगार्ट, जर्मनी

येथे जानेवारीत गार काकडी घशाखाली उतरत नाही, त्यामुळे माझा कच्चा आहार ऋतूप्रमाणे वाढतो आणि घटतो. उन्हाळ्यात चारपैकी तीन भाग कच्चे, हिवाळ्यात जेमतेम एक. व्यायामशाळेतली मंडळी पाट्रिक बाबूमियान यांचे नाव नेहमी घेतात. ते २०११ मध्ये जर्मनीतील सर्वांत बलवान पुरुष ठरले आणि २०१३ मध्ये टोरांटो येथे त्यांनी ५५० किलोंचे जू (वजने लावलेली लोखंडी चौकट) खांद्यावर घेऊन दहा मीटर अंतर कापले. ते पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेतात हे खरे, पण त्यावरून कच्च्या आहाराची बाजू मांडणे म्हणजे दुसऱ्याच माणसाची गुणपत्रिका दाखवण्यासारखे आहे. दूध-मांसावाचून बळ येते, एवढेच त्यांच्यावरून सिद्ध होते.

उरुळी कांचनजवळ, सेवानिवृत्त

आमच्या भागात १९४६ साली गांधीजींच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम सुरू झाला, त्यामुळे कच्च्या अन्नाची चर्चा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. खुद्द गांधीजींनी १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता आणि आमांशाने त्यांना तो आवरता घ्यावा लागला, हे मात्र उत्साही मंडळी सांगत नाहीत.

माझी अडचण साधी आहे. वरची कवळी असल्याने कच्चे गाजर आणि हरभरे चावता येत नाहीत. मी गाजर, बीट, मुळा बारीक किसतो, मोडाचे मूग खलबत्त्यात ठेचतो आणि दाण्याच्या कुटात कालवतो. दुपारी भाकरी आणि घट्ट वरण असते. आठवड्यातून तीनदा रबरी पट्ट्यांनी व्यायाम करतो आणि खुर्चीवरून हात न टेकता उठतो-बसतो. या वयात स्नायू आपोआप झडत असतात, म्हणून प्रथिने तरुणांपेक्षा कमी लागतात असे समजू नये. जिना चढताना कठड्याला हात लावावा लागत नाही, ही माझी मिळकत.

छत्रपती संभाजीनगर, वसतिगृहातील विद्यार्थी

बदाम आणि भोपळ्याच्या बिया मला परवडत नाहीत, खोलीत शेगडीही चालत नाही. भिजवलेले हरभरे, मटकी, शेंगदाणे, गूळ आणि केळी यांवर जोर-बैठका चालू आहेत. हरभऱ्याने पोट फार फुगते. काय करावे?

ठाणे, आहारतज्ज्ञ

भिजवलेले पाणी फेकून द्या, दाणे दोन-तीनदा स्वच्छ धुवा आणि मोड आल्यावरच खा. हरभऱ्याचे प्रमाण मुठीवर आणून उरलेली जागा मटकीला द्या. शेंगदाण्यांत १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिने आहेत, म्हणजे बदामापेक्षा अधिकच, तेव्हा बदामाचे दुःख करू नका. दुपारी खानावळीत जेवत असाल तर वरण दोनदा मागून घ्या. आणि बी-१२ ची गोळी आजच विचारून घ्या.