एरी सरोवराची लढाई: इलियट मागे का राहिला?

बर्डीवाला
रविवारी नागपूरच्या धरमपेठेत आमच्या पाच-सहा जणांच्या बैठकीत दोनशे वर्षांपूर्वीच्या एका आरमारी भांडणावरून आवाज चढले. विषय अर्धवट राहिला, म्हणून इथे मांडतो.

१० सप्टेंबर १८१३. अमेरिका-इंग्लंड युद्ध चालू. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या एरी सरोवरात अमेरिकेची ९ जहाजं, इंग्रजांची ६. अमेरिकेचा प्रमुख ऑलिव्हर पेरी, वय २८, 'लॉरेन्स' जहाजावर. त्याच्या हाताखालचा जेसी इलियट 'नायगारा'वर. ही दोन जहाजं जुळी, प्रत्येकी २० तोफांची. 'लॉरेन्स'ने दोन तासांहून जास्त वेळ जवळजवळ सगळा मार स्वतःच्या अंगावर घेतला. २२ ठार, ६१ जखमी. 'नायगारा' तोवर मागेच, अंगावर फारसा ओरखडाही नाही. शेवटी पेरी छोट्या होडीत बसून गोळ्यांच्या माऱ्यातून 'नायगारा'वर गेला, जहाज ताब्यात घेतलं, इंग्रजांची रांग फोडली आणि काही मिनिटांत लढाई जिंकली.

माझं मत सरळ आहे. इलियटने सोबत्यांना मरू दिलं. त्याला माफी नाही.

निवृत्त, वायुसेनानगर
३१ वर्षं गणवेश घातला आहे, म्हणून हे वाचून राहवलं नाही. जहाजांनी एका रांगेत, ठरल्या क्रमाने जायचं, हा हुकूम खुद्द पेरीचा होता. इलियटच्या पुढे 'कॅलेडोनिया' हे मंद जहाज. वारा पडलेला. 'नायगारा'च्या २० तोफांपैकी १८ आखूड पल्ल्याच्या, जवळ गेल्याशिवाय निरुपयोगी. अशा वेळी रांग मोडून पुढे घुसला असता आणि हरला असता, तर तुम्हीच त्याला बेशिस्त म्हणाला असता.

बर्डीवाला
काका, पेरीचा दुसराही हुकूम होता. प्रत्येकाने नेमून दिलेल्या शत्रूच्या जहाजाशी जवळून भिडायचं. इलियटच्या वाट्याला 'क्वीन शार्लट' होतं. ते त्याला सोडून पुढे सरकलं आणि 'लॉरेन्स'वर आग ओकू लागलं. ज्याच्याशी लढायचं तेच जहाज पुढे गेलं, मग रांग कोणासाठी सांभाळायची?

इतिहासाच्या बाई
आपल्या गावातलंच उदाहरण घ्या. नोव्हेंबर १८१७, सीताबर्डीची टेकडी. आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेने इंग्रजांना कोंडीत धरलं होतं. घोडदळाचा कॅप्टन फिट्झजेराल्ड हल्ल्याची परवानगी पुन्हा पुन्हा मागत होता. शेवटी निरोप आला, की करायचा तर स्वतःच्या जबाबदारीवर कर. त्याने ती घेतली, घोडे घातले आणि पारडं फिरलं. तो आपल्या विरुद्ध बाजूचा, हे सांगताना मला आजही त्रास होतो. पण अधिकारी त्याला म्हणतात. वर्गात दरवर्षी हे शिकवते आणि दरवर्षी वाटतं, आपल्या बाजूलाही त्या दिवशी असा एक हवा होता.

निवृत्त, वायुसेनानगर
बाई, घोड्याला वारा लागत नाही. अंबाझरीच्या पाळीवर मे महिन्यात दुपारी उभ्या राहा. पान हलत नाही. अशा पाण्यात शिडाचं जहाज म्हणजे ओंडका.

बर्डीवाला
मग त्याच पाण्यात 'लॉरेन्स' कशी पोचली?

हिंगणा एमआयडीसी
राजेहो, तुम्ही दोघंही मुद्द्याची गोष्ट सोडून राहिले. लढाईनंतर तीन दिवसांनी पेरीनं सरकारले अहवाल पाठवला, त्यात इलियटच्या शौर्याची तारीफ केली. वारा सुटल्यावर त्यानं जहाज मर्दासारखं लढाईत आणलं, असं लिहिलं. सरकारनं दोघांलेही सोन्याचं पदक दिलं. अन् पाच वर्षांनी, १८१८ मध्ये, तोच पेरी इलियटवर आरोपपत्र दाखल करते. मधात इलियटनं त्याले द्वंद्वाचं आव्हान दिलं होतं, म्हणून. मंग खरं कोणतं? पहिला कागद का दुसरा?

मी एका कारखान्यात २२ वर्षं काढले. एकदा रात्रपाळीत एका पोराचा हात मशीनीत गेला. साहेबानं अहवालात लिहिलं, सगळ्यांनी वेळेवर मदत केली. आम्ही खुश झालो, कोणाची नोकरी गेली नाही. दोन वर्षांनी साहेबाचं अन् फोरमनचं वाजलं, तवा साहेब म्हणते, फोरमननं मेन स्विच उशिरा बंद केला. तोवर त्या अहवालावर आमच्या सगळ्यांच्या सह्या होत्या. त्या पोराले शेवटपर्यंत कोणी खरं सांगितलं नाही. म्हणून मले पेरीचा राग येते. विजयाच्या भरात खोटी तारीफ लिहिली, अन् तिथूनच सगळं सडलं.

इतिहासाच्या बाई
हा मुद्दा मनाला लागला. पेरीचं म्हणणं, त्याला हाताखालच्या माणसाची अब्रू वाचवायची होती. पण त्याच कागदाच्या जोरावर इलियट आयुष्यभर ताठ राहिला. १८१५ च्या चौकशीतही तो निर्दोष सुटला. पेरीचे आरोप राष्ट्राध्यक्ष मन्रो यांनी पुढे चालवलेच नाहीत. १८१९ मध्ये पेरी पीतज्वराने गेला, नेमका ३४ व्या वाढदिवशी. भांडण मात्र इलियट १८४५ मध्ये वारला त्यानंतरही समर्थकांनी चालू ठेवलं.

निवृत्त, वायुसेनानगर
आणखी एक सांगतो, मग तुम्ही ठरवा. पेरी 'नायगारा'वर चढल्यावर इलियट स्वतः होडीत उतरला आणि मागे राहिलेल्या छोट्या तोफनौका पुढे आणायला त्याच माऱ्यातून गेला. भेकड माणूस असं करत नाही.

बर्डीवाला
बरोबर आहे काका. 'भेकड' हा शब्द मी रविवारी वापरला होता, तो मागे घेतो. पण तुमच्याच या गोष्टीने माझी झोप उडवली. होडी त्याच्याकडे होती. वल्ही मारणारी माणसं होती, माऱ्यातून जायची छातीही होती. मग पहिल्या तासातच ती होडी उतरवून त्याने पेरीला एवढंच का विचारलं नाही, की रांग मोडू का?

निवृत्त, वायुसेनानगर
याला माझ्याकडे उत्तर नाही. रविवारी येतो.