नव्या कारच्या ऑन-रोड कोटेशनमधलं हँडलिंग कसं काढायला लावायचं? (उद्यापर्यंत उत्तर हवंय)

घाईत_आहे: एक्स-शोरूम ९,८०,०००. आरटीओ १,३२,०००, विमा ५८,२००, हँडलिंग (गाडी आणण्या-ठेवण्याचा म्हणून डीलर लावतो तो खर्च) १४,५००, अ‍ॅक्सेसरीज किट १८,०००. हँडलिंग काढा म्हटलं तर सेल्सवाला म्हणतो, "सिस्टीममधून निघत नाही." विमा बाहेर ३९ हजारांत मिळतोय, तर म्हणे मग कॅशलेस (वर्कशॉपचं बिल थेट विमा कंपनीने भरणं) होणार नाही. उद्या बुकिंग करायचंय, पटकन सांगा.

खटारा८००: इंधन कुठलं? शहर? कर्ज की रोख? महाराष्ट्रात पेट्रोलला दहा लाखांपर्यंत ११% रोड टॅक्स, म्हणजे १,०७,८००. आरटीओतच वीसेक हजार मारलेत.

हिशेबनीस: १% टीसीएस (विक्रेता आगाऊ वसूल करतो तो आयकर) लावला असेल तर घाबरू नका, रिटर्न भरताना वळता करता येतो.

खटारा८००: टीसीएस दहा लाखांच्या वर. इथे ९.८० आहे. विचारलंय काय, सांगताय काय!

घाईत_आहे: डिझेल, १४९७ सीसी. पुणे. कर्ज आहे.

खटारा८००: हे आधी सांगायचं ना. मग १३%, १,२७,४००. नोंदणी ६००, आरसी कार्ड २००, बँकेचा बोजा चढवायचे १,५००. झाले १,२९,७००. वरच्या दोनेक हजारांचं काय ते आरटीओच्या पावतीवर दिसेल, पावती मागून घ्या. नंबरप्लेटचे वेगळे पैसे देऊ नका, २०१९ च्या एप्रिलपासून ती गाडीच्या किमतीतच येते.

घाटमाथा: शहरात डिझेल कशाला? रोज पाच-सात किमी चालवली तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक होणार.

पॉलिसीबाबा: त्यासाठी वेगळा धागा काढा. विम्यात तीन वर्षांचं थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचं) या सीसीला १०,६४० अधिक जीएसटी, ते सगळीकडे सारखंच. फरक ओन डॅमेज (आपल्याच गाडीचं नुकसान) आणि अ‍ॅड-ऑनमध्ये. दोन्ही कोटेशनवर आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) सारखी आहे का बघा, साधारण ९,३१,००० हवी. झिरो डेप (क्लेममध्ये घसारा न कापण्याची सोय) दोन्हीकडे आहे का तेही बघा. नसेल तर ३९ हजार स्वस्त नाहीत. कॅशलेस वर्कशॉप आणि विमा कंपनी यांच्या करारावर असतं, पॉलिसी कुणी विकली यावर नाही. कंपनीच्या साइटवर तुमचं वर्कशॉप यादीत आहे का ते शोधा.

रोखठोक: एवढी चिरफाड कशाला? एकूण रकमेवर पन्नास हजार कमी करा म्हणायचं, विषय संपला.

पॉलिसीबाबा: आणि तो पन्नास सोडून विम्यात आणि किटमध्ये वसूल करेल. डिस्काउंट इनव्हॉइसवर एक्स-शोरूममधूनच वजा हवा. हँडलिंगसाठी एकच वाक्य: "टॅक्स इनव्हॉइसवर हे नाव आणि जीएसटी लावून लिहून द्या." गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूममध्ये धरलेला असतो, त्यामुळे लिहून द्यायला कुणी तयार होत नाही. बोलणं ईमेलवर करा, फोनवर नको.

घाईत_आहे: हँडलिंग काढतो म्हणाला. पण किट नको असेल तर डिलिव्हरीला दोन महिने लागतील म्हणे.

खटारा८००: आणि किटवाली गाडी आज तयार? मग तिचा चासी नंबर आणि उत्पादनाचा महिना लेखी मागा. फॉर्म २१ वर (डीलरचं विक्री प्रमाणपत्र) तो महिना येतोच. मागच्या वर्षीची निघाली तर किट फुकट मागू नका, किंमत कमी करायला लावा.