मदत हवी आहे: कॅम्परव्हॅननं जायकवाडीला जायलोत, रात्री गाडी कुठं लावावी?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटी लातूरहून निघायलोत. मी, नवरा, दोन लेकरं आणि सासरे. दाजींनी पुण्याहून कॅम्परव्हॅन भाड्यानं ठरवून दिलीय. उंच छपराची टेम्पो ट्रॅव्हलर आहे, आत झोपायची सोय, छोटा ओटा, पाण्याची टाकी, संडास. नवराच चालवणार. अंबाजोगाई, मांजरसुंबा, बीड, गेवराई, शहागड, पाचोड असं करत पैठण. वेळ उरला तर पुढं कन्नडचं गौताळा.

सगळा घाट अण्णांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी. त्यांची नोकरी पाटबंधारे खात्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर परभणीकडं झाली. पाण्याच्या पाळ्या वाटण्यात हयात गेली, धरणावर येणारे पक्षी काही निवांत बघता आले नाहीत. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून पक्षी जितके गाडीजवळून दिसतील तितकं बरं.

विचारायचं एवढंच: अभयारण्यात पाण्याच्या काठी गाडी लावून मुक्काम करता येतो का? गाडीतल्या गॅसवर चहा-खिचडी चालते का? आणि एवढी मोठी गाडी काठापर्यंत जाते का? इंटरनेटवर दुसऱ्या देशातले व्हिडिओ बघून नवरा हवेत आहे. तिकडं म्हणे अभयारण्याच्या शेजारी गाड्या लावायला आखलेल्या जागा, वीज, पाणी सगळं असतं. इथं काय आहे ते कुणी नीट सांगेना.

नाथसागरी

ताई, आधी डोक्यातलं फाटक आणि तिकीटखिडकी काढून टाका. जायकवाडी पक्षी अभयारण्य 1986 साली जाहीर झालं, पण ते म्हणजे नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा फुगवटाच. चहूबाजूंनी गावं, शेतं, मासेमारांच्या होड्या. वाटा भरपूर आहेत, त्यामुळं कुठंही गाडी घालावीशी वाटते, आणि तिथंच लोक फसतात.

अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात प्रवेशाला आणि राहायला परवानगी लागते, जाळ करण्यावर तर स्पष्ट बंदी आहे. गॅस गाडीच्या आत आहे, हा वाद वनरक्षकाशी घालण्यात सकाळ जाईल. खिचडी पैठणात करून डब्यात घ्या. वनविभागाच्या कार्यालयात निघायच्या आधीच फोन करून ठेवा, सध्या कुठली बाजू खुली आहे ते तेच सांगतील.

रात्री पैठणातच राहा. नाथांच्या दर्शनाला बाहेरगावच्या गाड्या बारा महिने येतात, लॉजवाले आवारात गाडी लावू देतात. एक खोली घेतलीत तर अण्णांना पाठ टेकायला बरं आणि वीजही मिळेल. नाथषष्ठी फाल्गुनात असते, म्हणजे जानेवारीत गर्दीची भीती नाही.

आणखी एक. टाकीतलं सांडपाणी काठावर सोडू नका. हेच पाणी संभाजीनगर आणि जालना पितात.

डिझेलदादा

गाडीबद्दल मी सांगतो. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करतात. हरभरा, गहू, काय काय असतं. वरून कडक दिसतं, खाली काळा गाळ ओलाच. मागची चाकं एकदा बसली की जितका अ‍ॅक्सिलरेटर द्याल तितकी खाली जातात. मागच्या हिवाळ्यात एक ट्रॅव्हलर अशीच अडकलेली बघितली, ट्रॅक्टरनं ओढली तेव्हा निघाली. शिवाय वाटेत मोटारींचे पाइप आडवे टाकलेले असतात. त्यावरून तुमची गाडी गेली तर शेतकरी काय बोलेल ते इथं लिहिता येणार नाही. डांबरी सोडायची नाही. काठापर्यंत गावातली अ‍ॅपे रिक्षा ठरवा, अण्णा तिच्यात बसूनच पक्षी बघतील.

उंच छपराची गाडी म्हणजे रेल्वेच्या भुयारी रस्त्यांचीही उंची बघून घ्या. गूगल हे सांगत नाही.

मांजराकाठ

रिक्षाची कल्पना अण्णांना आवडली, नवऱ्याला नाही :) पण रोहित (फ्लेमिंगो) दिसतील ना? लेकरांना तेवढंच माहीत आहे.

नाथसागरी

ते धरणात पाणी किती यावर. हे धरण फार पसरट आहे, काठाला पाणी उथळ. पातळी उतरू लागली की चिखलाचे पट्टे आणि गुडघाभर पाणी उघडं पडतं, रोहित तिथंच चरतात. धरण तुडुंब असेल तर जानेवारीत पट्टा कमी मिळतो, मग फेब्रुवारी-मार्चमध्ये थवे बरे दिसतात. उलट पट्टकदंबांचं तसं नाही. हिमालय ओलांडून आलेले हे हंस कोवळ्या पिकात चरायला येतात, शेतकरी वैतागतात, आपल्याला बांधावरून दिसतात. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, चित्रबलाक हे तर दिसतीलच. खरं सांगू का, रोहितांच्या नादात लोक नदी सुरयांकडं बघतच नाहीत. पाण्यावर सूर मारताना बघा एकदा.

ओसाड माळ

गौताळाही कराच की. 1986 पासूनचंच अभयारण्य आहे, बिबटे, अस्वलं आहेत. 2021 मध्ये तर टिपेश्वरचा वाघ चालत तिथवर आला होता.

डिझेलदादा

वाघ चालत आला, अण्णा कसे येतील? गौताळ्यात रस्ते अरुंद, फांद्या खाली आलेल्या. पितळखोऱ्याच्या लेण्यांना पायऱ्या उतरून परत चढाव्या लागतात. कन्नडच्या घाटात अवजड वाहनांना बंदी आहे. तुमची गाडी त्यात मोडत नाही, पण तुम्हाला घाट उतरायचंच काय काम? एका फेरीत दोन अभयारण्यं कोंबली की दोन्हीकडं नुसती गाडी चालवणं होतं.

वाटेत काही हवंच असेल तर मांजरसुंब्याहून पाटोद्याच्या बाजूला नायगावचं मयूर अभयारण्य आहे. लेकरं मोर बघून खूश होतील.

मांजराकाठ

ठरलं मग. गौताळा रद्द, नायगाव जाता जाता, मुक्काम पैठणात. भाचा ड्रोन देतो म्हणत होता, त्याला नको सांगितलं.

शेवटचं: सकाळी जावं की संध्याकाळी? आणि लेकरांसाठी दुर्बीण कुठली?

नाथसागरी

ड्रोन नाही हे बरं केलंत, सगळा थवा उठून जातो. पैठण धरणाच्या पूर्व टोकाला आहे, पाणी पश्चिमेला पसरलंय. म्हणून पैठणच्या बाजूनं सकाळीच जा, ऊन पाठीशी राहतं आणि रंग दिसतात. संध्याकाळी नुसत्या काळ्या आकृत्या. उजाडता उजाडता रिक्षा सोनेवाडीकडं घ्या, रिक्षावाल्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. दुर्बीण 8x42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) बघा. विकत घेऊ नका आधी, ओळखीत कुणाची तरी मागून न्या. अण्णांना मफलर द्या, काठावर वारा बोचतो.