मामाच्या ट्रंकेतली स्लॉट कार: चॅसी कोणाची, आणि चिंच लावू का?

मिरजेची_भाची:

नमस्कार मंडळी. इथे मी एरवी फक्त वाचते, पण आता अडलंय म्हणून लिहितेय.

माझा मामा १९६५ साली एम.एस. करायला अमेरिकेत, ओहायोत गेला. १९६८ला परतला तो एक काळी ट्रंक घेऊन, आणि त्या ट्रंकेला हात लावायची आम्हा भाचरांना सक्त मनाई. गेल्या पौषात मामा गेला. मामी म्हणाली, "तूच उघड, लहानपणी तुलाच जास्त खाज होती." उघडली. कसरीने चाळण केलेले दोन स्वेटर, एक स्लाइड रूल, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली ही गाडी.

माहीत नसणाऱ्यांसाठी: स्लॉट कार म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेत पुढचं पातं अडकवून पळणारी विजेची गाडी. खाचेच्या दोन्ही बाजूंना वीज असते, हातातल्या कंट्रोलरने वेग कमीजास्त करायचा. मामा शनिवारी तासावर पैसे भरून पळवायला जायचा, एवढं मामीला आठवतं.

आता वर्णन. वरची बॉडी पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकची, आतून लाल रंगवलेली, पिवळी पडून दोन ठिकाणी तडकलेली. तिला वास येतो. महिनाभर फ्रिजबाहेर राहिलेल्या लोण्याचा, अगदी तस्सा. खालचा सांगाडा, म्हणजे चॅसी, राखाडी धातूचा, एकसंध ओतीव, हातात घेतला तर काहीच वजन नाही. मोटर आडवी, म्हणजे मागच्या आसाला समांतर, आणि दोन दातेरी चाकं एकमेकांत. पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर १०० मिमी. बाजूंना दोन पितळी पट्ट्या स्क्रूने बसवल्यात. त्या घरी कापलेल्या असाव्यात, एक दुसरीपेक्षा गव्हाच्या दाण्याएवढी लांब आहे. सांगाड्याला डाव्या अंगाला सात भोकं पाडलेली, उजव्या अंगाला सहा. जिथेतिथे पांढरी भुकटी.

घरातली सगळी पितळी भांडी मीच घासते, त्यामुळे पट्ट्यांचं मला काही वाटलं नाही. पण काल सांगाड्याचा एक कोपराही चिंचेच्या कोळात बुडवून पाहिला तर सोड्यासारखा फसफसला! घाबरून काढला. म्हणून प्रश्न: ही चॅसी कोणत्या कंपनीची? आणि साफ कशाने करू?

आठवी_लेन:

भाचीताई, चिंच बंद! लिंबू, व्हिनेगर, पितांबरी, सगळं बंद. कोपरा साध्या पाण्याने धुऊन लगेच पुसा आणि हेअर ड्रायरने वाळवा. मग पुढचं वाचा.

मी बावीस वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियात आहे. यातल्या कित्येक गाड्या इथेच बनायच्या आणि रविवारी इथल्या गराज सेलमध्ये पालथ्या घातलेल्या अजून सापडतात. तुमच्या वर्णनावरून माझा एकच संशय आहे, मॅग्नेशियम. ॲल्युमिनियमही चिंचेने काळवंडतं, पण फसफसत नाही. तुम्हाला दिसले ते हायड्रोजनचे बुडबुडे, म्हणजे मामांची चॅसी कोळात विरघळत होती.

खात्री करायची तर सोनाराकडे जा. थट्टा नाही. मोटर, आस, चाकं, पितळ, सगळं काढून नुसता सांगाडा काट्यावर ठेवा, वजन लिहून घ्या. मग पाण्याची वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि सांगाडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा धरा, वाटीच्या तळाला टेकू देऊ नका. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल त्याने पहिल्या वजनाला भागा. २.७च्या आसपास आलं तर ॲल्युमिनियम. साडेसहाच्या वर गेलं तर जस्ताची मिश्रधातू. त्यात शिसं मिसळलं गेलं असेल तर ती आतून भुगा होत जाते आणि तिला औषध नाही. १.८ आलं तर मला लगेच कळवा.

वासाचं कोडं सोपं आहे. बॉडी ब्यूटिरेटची असणार. ते प्लॅस्टिक जुनं झालं की त्यातून ब्यूटिरिक आम्ल सुटतं, आणि लोणी खवट होतं तेही त्याच आम्लाने. तुमच्या नाकाने बरोबर ओळखलं. पुढे लेक्सान नावाच्या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या बॉड्या आल्या, त्यांना हा वास नसतो. बॉडी त्या बंद डब्यात परत ठेवू नका, आम्लाची वाफ धातूला लागते.

डबा_हवा:

मूळ खोका आहे का? खोका नसेल तर किंमत निम्म्याहून खाली. पट्ट्या काढून टाका, भोकं इपॉक्सीने बुजवून घासा, रंग मारा, मूळ बॉडी मिळाली तर घ्या. भोकं पाडलेली चॅसी कलेक्टर हातात धरत नाही.

मिरजेची_भाची:

@डबा_हवा खोका नाही, आणि विकायचीही नाही. मामी मला घराबाहेर काढेल.

@आठवी_लेन गेले सोनाराकडे. त्याने आधी विचारलं, "वहिनी, हे कुठलं नक्षत्र?" मग स्वतःच रस घेऊन तीनदा केलं. हवेत २१.६ ग्रॅम, पाण्यात काटा १२.० वर. म्हणजे १.८. काय समजायचं? आणि पांढरी भुकटी सगळीकडे सारखी नाहीये. मागचा आस जिथून जातो तिथे दोन पितळी बुश आहेत, त्यांच्याभोवती ती कापसासारखी फुगलीये.

आठवी_लेन:

मॅग्नेशियमच. अभिनंदन, आणि थोडी काळजीही. बुशभोवती फुगलीये कारण पितळ आणि मॅग्नेशियम एकमेकांना चिकटून बसलेत, आणि मिरजेच्या पावसाळ्यात दमट हवा मिळाली की त्या जोडीचा चक्क बॅटरी सेल होतो. त्यात खायला मॅग्नेशियमच पडतं. सत्तावन्न पावसाळे झाले, त्या मानाने पुष्कळ वाचलंय.

आता कोणाची? त्या काळात मॅग्नेशियमची ओतीव चॅसी म्हटलं की पहिलं नाव कॉक्स. सांता आनाची एल. एम. कॉक्स कंपनी, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर होती. आपल्याकडे एरोमॉडेलिंग केलेल्यांना ती विमानांच्या चिमुकल्या ०४९ इंजिनांमुळे माहीत असेल. स्लॉट कारची लाट आली तेव्हा तिने फोर्ड जीटी, चॅपरल या रेसिंग गाड्यांची १/२४ मापाची किटं काढली, मॅग्नेशियमच्या सांगाड्याची. तुमचं १०० मिमी जुळतं: खऱ्या फोर्ड जीटी ४०च्या आसांमधलं अंतर ९५ इंच, म्हणजे २४१३ मिमी. भागिले २४ केलं की १००.५. १/३२ची असती तर ७५ आलं असतं.

मोटर आडवी असणं हाही पुरावाच. लांबीच्या दिशेने बसवलेली मोटर म्हणजे इनलाइन, तिला मुकुटासारखं दातेरी चाक लागतं. आडवी ती साइडवाइंडर. १९६८च्या सुमारास लोकांनी ती तिरकी बसवायला सुरुवात केली, अँगलवाइंडर, आणि दोन वर्षांत आडवीला कोणी विचारेना. मामा बरोबर त्या आधीच्या फळीतले. तरी पक्कं नाव द्यायच्या आधी मला खालून आणि वरून, सरळ कोनातले दोन फोटो पाठवा. ओतीव सांगाड्याच्या फासळ्या आणि स्क्रूच्या खुंट्या ठशासारख्या जुळवता येतात.

बॉडी मात्र कॉक्सची नव्हे. त्यांच्या त्या किटांत साच्यातली जाड पॉलिस्टायरीनची बॉडी यायची. दिसायला देखणी, पण जड. रेस जिंकायची असेल तो ती काढून कपाटात ठेवायचा आणि दीड-दोन डॉलरची पातळ बॉडी बसवायचा. त्या बॉडीला टेकू म्हणून तुमच्या पितळी पट्ट्या. भोकं वजन कमी करायला. सात आणि सहा का, ते मामाच जाणे. सातव्याला ड्रिल बिट मोडलं असेल.

@डबा_हवा, म्हणूनच माझा तुम्हाला साफ विरोध. कारखान्यातून निघालेल्या हजारो सारख्या चॅसी आहेत, तेरा भोकांची ही एकच. भोकं बुजवलीत तर उरेल काय, आणखी एक बिनखोक्याची कॉक्स.

साफसफाई अशी: जुना नायलॉनचा टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, पाणी नको. बुश दाबून काढता आले तर काढा, हातोडी नको. पांढरं निघालं की खाली खड्डे दिसतील. दिसू देत. पॉलिश पेपर मारू नका, चकाकी येईल पण दोन महिन्यांत पुन्हा पांढरं. आणि कधी घासावंच लागलं तर ती पूड साठू देऊ नका, जवळ देवाचा दिवा नको. मॅग्नेशियमची पूड पेटली तर पाणी ओतून भडकते, कोरडी वाळूच टाकावी लागते. शेवटी वाळवून फर्निचरच्या मेणाचा पातळ हात. बुश परत बसवताना त्यांनाही बाहेरून मेण लावा, म्हणजे दोन धातूंच्या मध्ये काहीतरी राहील.

पितळी पट्ट्यांना चिंच चालेल, पण सुट्या करून. मी तर तीही लावणार नाही.

आणखी एक. आसाला आटे असतील आणि चाकं नटने धरली असतील तर बाजारातला ३ मिमीचा नट जबरदस्तीने चढवू नका. त्या काळच्या अमेरिकन गाड्यांचा आस बरेचदा आठांश इंची, ५-४० आट्यांचा, म्हणजे ३.१७५ मिमी. ३ मिमीचा नट आटे खाऊन टाकतो. माझा पहिला आस मी असाच मारलाय.

मिरजेची_भाची:

आटे आहेत! आणि काल भाचा ३ मिमीचा नट घेऊन आला होता. थोडक्यात वाचला (आस. भाचाही).

फोटो पाठवलेत. मोटरचं काय करू? गोल पाठीच्या पत्र्याच्या डबीसारखी आहे. दोन सेल लावले तर एकदा गुरगुरली, बोटाने ढकललं तर अर्धा फेरा फिरली, पुन्हा ठप्प.

ओहम_स्वाहा:

ताई, घाबरू नगा. मी कोल्हापुरात उद्यमनगरात वायंडिंगचं दुकान चालवतो. मोटारी पाण्याच्या, पण आर्मेचर (आतला फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) शेवटी आर्मेचरच.

डबी लगेच उघडू नगा. कडेचे पत्र्याचे कान असतात, ते एकदा वाकवले तर ठीक, दुसऱ्यांदा मोडतात. आधी मीटर घ्या, सगळ्यात खालच्या ओहमवर. दोन पिना एकमेकीला टेकवून जो आकडा येतो तो लिहून ठेवा, तो दर वेळी वजा करायचा. मग पिना मोटरच्या दोन टोकांना, आणि शाफ्ट बोटाने जरा जरा फिरवत आकडे बघा. आत तीन गुंडाळ्या त्रिकोणात जोडलेल्या असतात. तिन्ही शाबूत तर आकडे जवळपास सारखे. एक तुटली असेल तर दोनदा सारखा येईल आणि तिसऱ्यांदा त्याच्या दुप्पट. आकडा नाचत असेल तर नुसती घाण किंवा कार्बन झिजलाय.

मिरजेची_भाची:

३.१, ३.०, ६.२. वजाबाकी करून. दोनदा केलं.

ओहम_स्वाहा:

एक तुटली. पण आनंदाची बातमी ही की असल्या मोटारीत तार मधे क्वचित तुटते. ती कम्युटेटरच्या (शाफ्टवर कार्बन जिथं घासतो त्या तांब्याच्या कड्याच्या) कानापाशी तुटते, जिथं डाग दिलेला असतो. आता उघडा. भिंग घेऊन तिन्ही कान बघा. केसाएवढी तार लोंबत असेल. टोकाचं वॉर्निश ब्लेडने हळू खरवडा, बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न, रोझिनचं फ्लक्स, आम्लाचं अजिबात न्हाई, आणि दोन सेकंदांत हात काढा. जास्त वेळ धरलात तर कम्युटेटरचं प्लॅस्टिक ढिलं पडेल. जमत न्हाई वाटलं तर कुरियर करा, पैसे नगोत, गाडीचा फोटो दुकानात लावीन.

आठवी_लेन:

फोटो बघितले. कॉक्सच. खालच्या फासळ्या माझ्याकडच्या फोर्ड जीटीशी तंतोतंत. मोटर जपानी माबुची घराण्यातली दिसते. तेव्हा अमेरिकेतल्या निम्म्या कंपन्या माबुचीच्याच मोटरवर आपलं नाव लावायच्या. म्हणून नुसती मोटर बघून चॅसी ओळखणाऱ्यांची नेहमी फसगत होते.

चिंचेचा कोपराही दिसला. तेवढाच काळा डाग. राहू द्या.

मिरजेची_भाची:

परवा रात्री उघडली. तार खरंच लोंबत होती, माझ्या शिलाई मशीनच्या दिव्याखालीही जेमतेम दिसली. भाच्याने भिंग धरलं, मी डाग दिला, पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदा बसला. मीटर: २.१, २.०, २.१. शाफ्टच्या दोन्ही टोकांना सुईच्या अग्रावर मावेल एवढं मशीनचं तेल. दोन सेल लावले आणि ती अशी किंचाळली की मामी स्वयंपाकघरातून आली. काही बोलली नाही, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "परत लाव."

पुढचं पातं आणि वीज उचलणारी तांब्याच्या तारांची वेणी झिजलीये, ती वेणी मी नवी विणणार आहे. आता सुतार बारा मिमीच्या एमडीएफवर ट्रॅक करायला तयार झालाय आणि विचारतोय, खाच किती रुंद, किती खोल?

आठवी_लेन:

आठांश इंच रुंद, म्हणजे ३.२ मिमी. पाव इंच खोल, म्हणजे साधारण साडेसहा. बारा मिमीच्या फळीत आरामात बसेल. वळण फार आवळून घ्यायला सांगू नका, मामांची गाडी बाहेर फेकली जाईल. पहिलं वळण किती मोठं करताय? जागा किती आहे?

मिरजेची_भाची:

माडीवरचा पलंग हलवला तर दहा बाय सात फूट. मामी म्हणते हलवा.