ईजीएफआर रोखल्यावर त्वचेचा दाह का होतो?

शर्वरी (प्रश्न)
माझ्या वडिलांना फुप्फुसाच्या कर्करोगासाठी गेल्या महिन्यात एर्लोटिनिब सुरू झाले आणि दुसऱ्या आठवड्यातच नाकाच्या बाजूंना, कपाळावर व छातीवर पिवळसर टोकांच्या लाल पुटकुळ्या उठल्या. ही गोळी पेशींना वाढीचा संदेश देणाऱ्या ईजीएफआर या प्रथिनाला रोखते, एवढे मी वाचले आहे. वाढ थांबल्याने त्वचा कोरडी पडणे समजते. पण दाह का व्हावा? ही ॲलर्जी समजून गोळी थांबवावी का?

त्वचावैद्य
गोळी स्वतःहून मुळीच थांबवू नका; ही ॲलर्जी नव्हे. ईजीएफआर त्वचेच्या सर्वांत तळाच्या थरातील पेशींवर आणि केसांच्या मुळांभोवतीही भरपूर असते. तिथे ते पेशींची वाढ व पक्व होण्याचा वेग तर ठरवतेच, शिवाय दाह ओढवून घेणारे रासायनिक संदेश त्याच पेशींनी सोडू नयेत यावरही त्याचा अंकुश असतो. औषधाने हा अंकुश सुटला की पेशी अकाली पक्व होतात, सीसीएल२ आणि सीसीएल५ यांसारखी केमोकाइन्स, म्हणजे पांढऱ्या पेशींना बोलावणारी प्रथिने, अधिक सोडतात आणि जंतूंपासून संरक्षण करणारी पेप्टाइड्स कमी तयार करतात. परिणामी केसांच्या मुळांशी पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि सुरुवातीला जंतुसंसर्ग नसतानाही पू दिसतो. हे मुरूम नसल्यामुळे मुरमांवरची, त्वचा कोरडी करणारी मलमे लावू नयेत. साधे मॉइश्चरायझर आणि उन्हापासून बचाव आवश्यक आहे. सौम्य स्टेरॉइड मलम किंवा डॉक्सिसायक्लिन डॉक्टर सुचवतील, आणि डॉक्सिसायक्लिनचा उपयोग इथे मुख्यतः दाह उतरवण्यासाठी होतो. ताप आला किंवा पिवळ्या खपल्या धरू लागल्या, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

पेशीअभ्यासक
अंकुशाचा हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. एनएफ-कॅपा-बी हा पेशीतील संदेशवहनाचा मार्ग दाहाचा सूत्रधार मानला जातो. तरीही 2002 मध्ये उंदरांच्या केवळ बाह्यत्वचेतील पेशींतून त्याला चालना देणारे आयकेके2 हे प्रथिन काढून टाकले, तेव्हा जन्मानंतर काही दिवसांतच त्यांच्या त्वचेचा तीव्र दाह झाला. टीएनएफ या दाहकारक प्रथिनाचा संदेश स्वीकारणारा ग्राहीही काढल्यावर तो दाह झाला नाही. म्हणजे टीएनएफच्या माऱ्यात त्वचा शांत राहण्यासाठीही हाच मार्ग लागतो. एखाद्या प्रथिनावर ‘दाहकारक’ असा शिक्का मारून मोकळे होणे मला म्हणूनच पटत नाही.

शर्वरी
मनःपूर्वक आभार. पुरळ आली म्हणजे औषध लागू पडत आहे, असे एका नातेवाइकांनी सांगितले. ते खरे आहे का?

त्वचावैद्य
अनेक चाचण्यांत पुरळ आलेल्या रुग्णांना सरासरीने अधिक लाभ झालेला दिसला आहे, परंतु एकेका रुग्णाबाबत त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. औषधाचा परिणाम स्कॅनवरूनच ठरवावा, आणि पुरळ ‘चांगले लक्षण’ म्हणून उपचाराविना तर अजिबात सोडू नये.