बायबल रोज वाचूनही मन कोरडंच राहतं. वाचनाची घडी कशी बसवावी?

मोहरीचा दाणा

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. वर्षात बायबल संपवायचा तक्ता जानेवारीत हौसेनं सुरू होतो आणि बायबलच्या तिसऱ्या पुस्तकात, लेवीयात, गाडी अडते, हे इथे बहुतेकांच्या ओळखीचं असेल. मग मागे राहिलेले अध्याय भरून काढायला नुसती पानं उलटली जातात. दुसरं टोक म्हणजे मोबाईलवर रोज येणारं एक वचन, जे दुपारपर्यंत आठवतही नाही. नीतिसूत्रे ४:२३ सांगतं की सगळ्यात जास्त जपायचं ते अंतःकरण. ते जपायला वाचावं कसं? रोज किती, कुठून सुरुवात? मन खचलेलं असताना काय उघडावं? "प्रार्थना वाढवा" एवढंच उत्तर नको, हाताशी धरता येईल असं काही सांगा.

द्राक्षवेल

आधी हिशेब बघा. प्रोटेस्टंट बायबलात ११८९ अध्याय आहेत. ३६५ दिवसांत बसवले की रोज सव्वातीन. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० संपून २८व्या दिवशी लेवीय उघडतं, आणि तिथे पहिले सात अध्याय अर्पणांचे नियम. त्याआधीच निर्गम २५पासून निवासमंडपाची (तंबूतल्या उपासनास्थानाची) मापं सुरू झालेली असतात, तेव्हा दम तिथेच लागलेला असतो. यात खोट वेगाची आहे, तुमच्या भक्तीची नाही.

नव्या कराराचे अध्याय २६०. आठवड्याला पाच दिवस, रोज एक, की बरोबर ५२ आठवडे. उरलेले दोन दिवस मोकळे ठेवा, मागे पडलेलं तिथे गाठता येतं. सुरुवात मार्कपासून करा: १६ अध्याय, सगळा घटनांचा ओघ, तीन आठवड्यांत जवळजवळ संपतो. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय तारखेप्रमाणे वाचायची पद्धत चांगली आहे, पण दहाव्या अध्यायापासून जवळजवळ प्रत्येक वचन स्वतंत्र आहे. तिथे एका बैठकीत दोन-तीन वचनंच घ्या, नाहीतर एकही लागत नाही.

बैठक वीस मिनिटांची पुरते. अध्याय एकदा सलग वाचायचा. मग त्यातली आठ-दहा वचनं निवडून दोनदा मोठ्यानं. मोठ्यानं का, तर स्तोत्र १:२ मध्ये 'मनन' म्हणून येतो तो मूळ हिब्रू शब्द पुटपुटण्याचा, गुणगुणण्याचा आहे. यशया ३१:४ मध्ये तोच शब्द शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आलाय. डोळे मिटून गप्प बसणं ही आपली समजूत. शास्त्रातलं मनन ओठांवर चालतं.

शेवटी वहीत तीन ओळी: कोण कोणाला बोलतंय, देवाविषयी काय कळलं, आज काय करायचं. बहुतेक जण थेट तिसऱ्या ओळीवर उडी मारतात आणि घोळ तिथेच होतो. तिसऱ्या ओळीत "अधिक प्रेमळ व्हायचं" असलं काही नको. "काल ज्याला तोडून बोललो त्याला संध्याकाळी फोन" असं लिहा, म्हणजे झालं की नाही हे रात्री कळतं.

संदर्भासहित

वरच्या उत्तरातली पहिली ओळ, कोण कोणाला बोलतंय, हिला सगळ्यात जास्त वजन द्या. वचन तोडून वाचणं किती घातक हे पाहायचं तर मत्तय ४ उघडा. येशूला मोहात पाडताना मंदिराच्या शिरोभागावर सैतान स्तोत्र ९१:११-१२ म्हणून दाखवतो, पण "तुझ्या सर्व मार्गांत" हा तुकडा गाळतो. येशूची तिन्ही उत्तरं 'अनुवाद' या पुस्तकातली आहेत: ८:३, ६:१६ आणि ६:१३. तिन्ही दोन-तीन अध्यायांच्या टापूतली, अरण्यातल्या इस्राएलाबद्दलची, आणि प्रसंगही अरण्यातलाच. वचन आणि प्रसंग असे एकमेकांत बसलेले असतात.

आता भिंतीवर टांगलं जाणारं यिर्मया २९:११, देवाच्या मनात तुमच्या हिताचे, आशेचे संकल्प आहेत असं सांगणारं. ते बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि लगेच वरच्या दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. आशा खरीच, पण ती "पुढच्या महिन्यात काम होईल" अशी नाही. फिलिप्पै ४:१३चंही (सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो) तसंच. ११ आणि १२ वाचल्यावर कळतं की पौल तिथे विपुलतेत आणि उपासमारीत सारखंच निभावण्याबद्दल बोलतोय, परीक्षेत पहिला येण्याबद्दल नाही. चुकीच्या अर्थानं धरलेलं वचन फळलं नाही की माणूस देवावर रुसतो, आणि हा कोरडेपणा फार चिवट असतो. साधा नियम: कुठलंही वचन पाठ करण्याआधी त्याच्या वरची दहा आणि खालची दहा वाचा.

पाठांतराला आठवड्याला एक वचन बास. संदर्भ आधी आणि शेवटी, दोन्हीकडे म्हणायचा, नाहीतर वचन राहतं आणि पत्ता हरवतो. पाठ एकाच भाषांतरातून करा. अर्थासाठी दुसरं सोपं भाषांतर शेजारी ठेवा, पण पाठ करताना दोन्ही मिसळली की ऐन वेळी जीभ अडखळते.

रात्रीचा पहारा

खचलेल्या मनाचा प्रश्न राहिला. अशा वेळी आनंदाची वचनं तोंडात कोंबू नका. स्तोत्र १३ घ्या, अवघी सहा वचनं. पहिल्या दोनांत "कोठवर" हा सवाल मूळ हिब्रूत चार वेळा येतो, पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. हाच साचा वापरा: चार ओळी आपल्या "कोठवर"च्या, दोन मागण्याच्या, एक भरवशाची. भरवशाची ओळ आज उमटत नसेल तर स्तोत्रातली जशीच्या तशी म्हणा, ती तुमच्यासाठी उधार आहे. आणि तेवढंही जमत नसेल तर स्तोत्र ८८ आहे. त्याचा शेवट अंधारातच होतो, तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय.

स्तोत्र ४२-४३ मध्ये एकच धृपद तीनदा येतं: हे माझ्या जीवा, तू का खिन्न झालास? इथे माणूस स्वतःचं ऐकत बसत नाही, स्वतःशी बोलतो. फरक मोठा आहे.

आणखी एक, १ राजे १९. संदेष्टा एलीया मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर, पाणी, झोप, पुन्हा भाकर-पाणी. "तू येथे काय करतोस?" हा प्रश्न त्यानंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर. म्हणून झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल तर डॉक्टरांकडे जा, आणि जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच दिवशी. वचन औषधाच्या जागी बसवणं म्हणजे विश्वास नव्हे.

मोहरीचा दाणा

खूप उपयोगी. एक शंका: इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातली देवाची शस्त्रसामग्री रोज सकाळी एकेक करून "चढवावी" असं सांगतात. कमरबंद, उरस्त्राण, ढाल... असं म्हणावं का?

द्राक्षवेल

म्हणायला हरकत नाही, पण मंत्रासारखं नको. सत्याचा कमरबंद म्हणताना आज कुठे खोटं बोलण्याचा मोह होणार आहे, ते ठिकाण मनात आणा. नाहीतर ती नुसती यादी.

मराठीत वाचताना एक गोष्ट निसटते. "तुम्ही धारण करा" हे आपल्याला आदरार्थी, एकट्याला उद्देशून वाटतं. मूळ ग्रीकमध्ये ते निखळ अनेकवचन आहे, अख्ख्या मंडळीला (चर्चला). ढालीचा शब्दही दारासारख्या उंच ढालीचा, जी रोमी शिपाई शेजाऱ्याच्या ढालीला भिडवून उभे राहत. तेव्हा वहीतली ती तिसरी ओळ आठवड्यातून एकदा तरी भरवशाच्या कुणाला वाचून दाखवा. याकोब ५:१६ तेच सांगतं. माणूस तोंड घट्ट ठेवणारा निवडा, मंडळीत मोठा असलाच पाहिजे असं नाही.