आवाजाच्या पुढं पळणारं विमान शांत कसं काय?

होटगीरोडकर: नासाचं आवाजापेक्षा जोरात पळायला बनवलेलं प्रायोगिक विमान एक्स-५९ ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा उडालं. पण आवाजापेक्षा जोरात उडणाऱ्या जुन्या कॉन्कॉर्ड प्रवासी विमानाचा तर धमाका व्हायचा, ह्याचा का नाही होणार? इथं सोलापुरात गड्डा जत्रेच्या दारूकामाला आमच्या मांडणीतली भांडी थरथरतात.

लूमवाला: विमानाच्या वेगवेगळ्या भागांमुळं उठणाऱ्या हवेच्या दाबाच्या लाटा एकत्र होऊन आदळतात तो धमाका. हे सुमारे ३० मीटर लांब, त्यात नाकच केवढं, इंजिन पाठीवर, म्हणून लाटा एकत्र होतच नाहीत, खाली नुसता 'धप्प' यावा असा हिशेब आहे.

पेठेतला: नाकामुळं पायलटला समोर काचच नाही, कॅमेऱ्यावर बघून चालवायचं! लई भारी.

लूमवाला: अमेरिकेत १९७३ ला नागरी विमानांना जमिनीवरून आवाजापेक्षा जोरात उडायला बंदी आली ती ह्या आवाजामुळंच. म्हणून नासावाले पुढं हे वस्तीवरून उडवून आवाज कसा वाटला ते लोकांनाच विचारणारेत, हे मला फार पटलं.